टाकीतलं विरजण

आंध्र आणि तेलंगणा असे राज्याचे दोन तुकडे झाले, त्या सुमारास आमच्या ऑफिसात कामापेक्षा वाटणीच्या गप्पा जास्त चालायच्या. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, कुणाची खुर्ची कुणाला मिळणार. माझ्या बाबांना याचं काही अप्रूप नव्हतं. "आपली वाटणी मागंच उरकली," म्हणायचे. जुन्या हैदराबाद राज्याच्या वाटणीत त्यांचे काका-मामा महाराष्ट्रात गेले आणि हे हैदराबादच्या जामबागेतच राहिले, कारण नोकरी इथे होती. त्यामुळे मी घरात मराठी, पण भडकले की तोंडातून हैदराबादी हिंदीच बाहेर पडते. आणि मी भडकते फार.

मी केमिस्ट होते. शहराबाहेर कचऱ्याचा डोंगर, त्याच्या बुडातून पाझरणारं काळं पाणी, आणि ते पाणी शुद्ध करणारा आमचा प्लँट. पाणी आधी एका मोठ्या तळ्यात साठायचं, तिथून हवेच्या टाकीत यायचं. टाकीत ब्लोअर सतत हवा सोडायचे आणि त्या हवेवर जगणारे जंतू पाण्यातली घाण खायचे. आई म्हणायची, "जंतू मारायचे की पाळायचे, एकदा ठरवा गं बाई." मी तिला सांगायचे, अगं, विरजणासारखं समज. जिवंत आहे तोवर काम करतं, मेलं की नुसतं नासकं पाणी.

तळ्याच्या खालच्या अंगाला एका म्हातारीचं घर होतं. दारात म्हशी, मागे विहीर. सगळे तिला अव्वा म्हणायचे, म्हणजे तेलुगूत आजी. दर आठवड्याला मी आणि आमचे इन्चार्ज साहेब तिच्या विहिरीचं पाणी तपासायला घ्यायला जायचो. पाणी चांगलं निघायचं. पण आमचं तळं कधी भरून वाहिलं असतं, तर पहिला लोंढा त्याच विहिरीत गेला असता, हे तिलाही ठाऊक होतं. अव्वा चहा टाकायला उठली की साहेब घाईघाईने म्हणायचे, "आज उपवास आहे, अम्मा." मी ॲसिडिटी सांगायचे. एकदा म्हातारी मला म्हणाली, "बिड्डा, तुझ्या साहेबाचा देव फार कडक दिसतो. कुठल्याही वारी या, उपवासच!" आम्ही काचेच्या बाटलीत तिचं पाणी न्यायचो आणि प्यायला आमच्या घरच्या बाटल्या आणायचो. तिला दिसत होतं ते.

साहेब आंध्रातल्या गुंटूरकडचे. वाटणीत त्यांचं नाव तिकडे गेलेलं, दसऱ्यालाच निघायचं होतं. आमचा फिटर पक्का तेलंगणावाला, आंदोलनात रस्त्यावर बसलेला. तो रोज सकाळी विचारायचा, "सार, आपकी बस कब की है?" साहेब हसायचे. मला मात्र त्या फिटरच्या एक कानाखाली द्यावीशी वाटायची.

त्या वर्षी पाऊस सरता सरत नव्हता. तळं काठोकाठ भरलेलं. आणि त्यात आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी यंत्राला विसावा. पूजा होईतो यंत्र चालवायचं नाही, हातसुद्धा लावायचा नाही. मी घरी होते, स्वयंपाकात. इकडे फिटर आणि मंडळींनी देवीचं काम म्हणून अख्खा प्लँट धुऊन काढला. साध्या पाण्याने नव्हे! ब्लीचिंग पावडर काय, फिनेल काय, बादल्याच्या बादल्या. ब्लोअर पुसून, हळदकुंकू लावून, झेंडू घालून बंद ठेवले. कोहळा फोडला, प्रसाद वाटला. आणि धुतलेलं सगळं पाणी नाल्यातून थेट हवेच्या टाकीत.

दसऱ्याला सकाळी मी गेले तर टाकीवर पांढरा फेस आणि नाकातले केस जळावेत असा वास. थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एरवी तिथे जत्रा भरलेली असते. त्या दिवशी काही हललं नाही. जंतू मेले, म्हणजे तळ्यातलं पाणी टाकीत घेणं बंद, आणि तळं तर आधीच काठोकाठ. मी जी ओरडले, ती गेटपर्यंत ऐकू गेली म्हणतात. फिटर धावत आला. त्याला समजावून सांगितल्यावर तो टाकीच्या काठावर बसला. "मॅडम, साफ करे थे हम. देवी के वास्ते." त्याचं तोंड पाहून माझी पुढची शिवी तोंडातच राहिली. कुणाला बोलणार? मी तिथे असते तर मीही झेंडूच्या माळा ओवत बसले असते.

साहेबांची बॅग भरलेली होती. घरी दसऱ्याला वाट बघत होते त्यांची. त्यांनी टाकीत डोकावलं, मग खाली अव्वाच्या छपराकडे बघितलं. बायकोला फोन लावून तेलुगूत एवढंच म्हणाले, की माझं दूध नासलंय, नवं विरजण लावून येतो. मग मुसी नदीकाठच्या सांडपाण्याच्या प्लँटवरच्या ओळखीच्या माणसाला फोन. तिथल्या टाकीतला जिवंत जंतूंचा गाळ मागितला. सणाच्या दिवशी टँकरला ड्रायव्हर मिळेना, तेव्हा फिटर उठला. "मैं लातूं, सार." अफझलगंजच्या मिरवणुकीच्या गर्दीतून तो टँकर घेऊन आला, काचेवर जम्मीची पानं अडकवलेली. आमच्याकडे सोनं म्हणून आपटा देतात, इथे जम्मी, म्हणजे शमी. उतरून त्यानं पहिली पानं साहेबांच्या हातात दिली आणि त्यांना मिठी मारली. हात गाळाने बरबटलेले. साहेबांचा पांढरा शर्ट गेला कामातून.

विरजण लागायला वेळ लागतो. सुरुवातीला जंतूंना गूळ घालायचा, मग काळं पाणी थोडं थोडं वाढवायचं. तोवर आकाश भरून आलं की आम्ही बांधाकडे धावायचो. एका दुपारी पाऊस कोसळलाच. साहेब, फिटर, मी, सगळे तळ्याच्या बांधावर वाळूची पोती टाकत होतो. खाली अव्वा छत्री धरून विहिरीपाशी उभी. म्हशी बांधायला गेली नाही, घरात गेली नाही. विहिरीवर नुसती छत्री धरून काय होणार होतं? पण ती हलली नाही. पाणी बांधाला लागलं आणि तिथेच थांबलं. मी चिखलात बसून रडले, लाज वाटली नाही.

दिवाळीच्या आसपास टाकीवर हवा तसा तपकिरी फेस आला. थेंबात पुन्हा जत्रा. मगच साहेब निघाले. तिकडे त्यांना नवा प्लँट सुरू करायचा होता, म्हणून आमच्या टाकीतला गाळ त्यांनी मागितला. "इथला एक थेंब तिकडे जाऊ देणार नाही" म्हणून घोषणा दिलेल्या फिटरने स्वतः ड्रम भरला, जंतू गुदमरू नयेत म्हणून झाकण सैल ठेवलं आणि गाडीत दोरीने बांधला. दिवेलागण झाली होती. आमची आई त्या वेळी कुणाला विरजण देत नाही. मी दोरीची गाठ एकदा ओढून पाहिली.

थोडं अंतर सोडायला मीही गाडीत बसले, आणि गाडी अव्वाच्या दारापाशी साहेबांनीच थांबवली. नकाराच्या सवयीने ती चहाला उठलीसुद्धा नाही. साहेब तिच्या बाजेवर बसले. म्हणाले, "अम्मा, चहा टाक. आज उपवास नाही."

अव्वा उठली. मग विहिरीत बादली सोडली. कप तिच्याकडे दोनच होते. एक साहेबांना दिला, दुसरा माझ्या हातात ठेवला आणि समोर उभी राहून, आम्ही शेवटचा घोट घेईपर्यंत बघत राहिली.