पिवळ्या रेघेचा बोल्ट

ट्रकला मागून दोन फळ्या लावल्या होत्या आणि चार हमाल ती एवढीशी निळी गाडी वर ढकलायच्या तयारीत होते. मी आमच्या बॅटरीच्या दुकानातून हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "सर, थोडं थांबवा त्यांना."

सोनटक्के सर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. आमच्या दुकानामागच्या गल्लीत राहायचे. विजेवर चालणारी कार त्या वेळी जालन्यात मी तरी एकच पाहिली होती, ती त्यांची. सेकंडहँड आणलेली.

"संपली गं गाडी," सर म्हणाले. "तीनदा रस्त्यात बंद पडली. परवा ट्रॅक्टरनं ओढून आणली, सगळा बाजार हसत होता. पुण्याचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, मोठ्या बॅटऱ्या गेल्या. भंगारात घेतो म्हणाला."

दुकानातून माझ्या थोरल्या दिरांनी हाक मारली. दुकान त्यांचं. "सुनंदा, काय करून राह्यली तिथं? ते आपलं काम न्हाई. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या पडल्यात इथं."

ते माझंच काम होतं. पण हे भावजींना कधी नीट सांगताच आलं नव्हतं. मी भोकरदनची. आयटीआय करून दूर दक्षिणेत एका कारखान्यात दोन वर्षं होते. तिथं याच गाड्या बनत. मी वायरिंगच्या लाइनवर. मंग लग्न ठरलं आणि मी परत आले. आता ट्रकच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरत होते. चांगलं चाललं होतं. पण रात्री डोळे मिटले की अजून त्या लाइनचा पट्टा सरकताना दिसायचा.

"भावजी, अर्धा तास," मी म्हणाले. मी मीटर घेतला.

आधी हे समजून घ्या. विजेच्या गाडीत दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. मोठ्या बॅटऱ्या चाकं फिरवतात. आणि एक छोटी असते, बारा व्होल्टची, साध्या कारमध्ये असते तशीच. दिवे, हॉर्न तिच्यावर. शिवाय चावी फिरवली की मोठ्या बॅटऱ्यांचं दार उघडायचं कामही तिचंच. घरात धान्याचं कोठार भरलेलं असलं तरी कुलपाची किल्ली नसेल तर उपाशीच राहायचं. तसं ते.

मोठ्या बॅटऱ्या मोजल्या. बराबर होत्या. छोटी मोजली. बारा-साडेबारा पाहिजे, ती साडेदहावर.

"सर, मोठ्या ठणठणीत आहेत. छोटी उतरलीय."

"छोटी दोनदा नवी टाकली की!"

"मंग ती भरत न्हाई. का भरत न्हाई ते बघू."

दुकानातली एक चार्ज केलेली बॅटरी तिला जोडली. चावी फिरवली. आत टक असा आवाज झाला आणि डॅशबोर्ड उजळला. हमाल मागं सरकले. सर खिडकीतून आत वाकले.

या गाडीत एक डबा असतो, कन्व्हर्टर. तो मोठ्यांकडून थोडी वीज घेऊन छोटीला भरतो. त्याच्या तोंडाशी मीटर लावला. चौदा व्होल्ट. छान. छोटीच्या टोकांवर लावला. बारा. म्हणजे डबा देत होता आणि बॅटरीपर्यंत पोचत नव्हतं. वाटेत दोन व्होल्ट कुणीतरी खात होतं. प्लसच्या वायरीवर काही नाही. मायनसच्या बाजूला, बॅटरी आणि गाडीच्या पत्र्यामध्ये, जवळजवळ दोन व्होल्ट. अर्थिंग, म्हणजे मायनसचा पत्र्याशी असलेला जोड, खराब.

चावी बंद केली, मोठ्या बॅटऱ्यांचा प्लग ओढला आणि सीट उचलून खाली वाकले. अर्थिंगचा बोल्ट कुठं असतो हे मला शोधावं लागलं नाही.

आमच्या लाइनवर बोल्ट पक्का आवळला की त्याच्यावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचे. रेघ सरळ असेल तर बोल्टला नंतर कुणी हात लावलेला नाही. इथं रेघ मोडली होती. अर्धी पत्र्यावर, अर्धी बोल्टबरोबर फिरलेली. खाली एक परकी लाल वायर कोंबलेली आणि गंज.

"सर, हा गाण्यांचा टेप कधी बसवला?"

"झाले दोन-तीन महिने. का?"

"टेपवाल्यानं आपली वायर इथंच कोंबली. बोल्ट ढिलाच राह्यला."

सर काहीतरी बोलत होते. माझं लक्ष पत्र्यावरच्या अर्ध्या रेघेकडं होतं. तिचं शेपूट उलट्या बाजूला वळलेलं होतं. डाव्या हातानं ओढली की तसं होतं. लाइनवर डावखुरी एकच, लक्ष्मी. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. मोडक्या हिंदीत बोलायचो. तिला माझी ज्वारीची भाकरी आवडायची, मला तिचा चिंचेचा भात. निघताना तिनं पत्ता लिहून दिला होता. मी एकच पत्र टाकलं. रेघ तिचीच असेल असं नाही. मी नखानं तिच्यावरची धूळ काढली.

गंज घासला. टेपची वायर वेगळीकडं नेली. बोल्ट आवळायला घेतला. आणि मनात आलं, पाव फेरा ढिला ठेवला तर गाडी महिन्याभरात परत माझ्याकडं येईल. खोटं कशाला सांगू, पाना हातात धरून मी तशीच थांबले.

"झालं का?" भावजी मागं येऊन उभे होते. कधी आले कळलं नाही.

"झालंच," मी म्हणाले आणि बोल्ट पक्का आवळला.

प्लग लावला. छोटीवर पावणेचौदा. सरांनी गल्लीतून चक्कर मारली. आवाज नाहीच, नुसती चाकं. ट्रक रिकामा गेला. भावजींनी मीटर हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "हे सगळं तिकडं शिकल्ती?"

"हो."

"बोलली न्हाई कधी," ते म्हणाले आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीकडं वळले.

नंतर सर रोज दुकानासमोरून जायचे. मी मान वर करायची, ते हात करायचे. एकदा न राहवून रस्त्यात जाऊन विचारलं, "सर, काही त्रास?"

"बिलकुल नाही!" ते खुशीत म्हणाले.

दोन वर्षांनी ते मुलीकडं नाशिकला राहायला गेले. गाडी घेऊन गेले. त्यानंतर तशी गाडी काही आमच्याकडं आली नाही.

तर, छोटी बॅटरी सारखी उतरत असेल तर नवी घ्यायच्या आधी अर्थिंग बघा. आणि दुरुस्ती पक्की केलीत, तर ती गाडी तुम्हाला परत उघडायला मिळत नाही, हेही धरून चाला.