वैशाखातला मुसळधार पाऊस

ती घटना आठवली की आजही आधी घाम फुटतो आणि मग हसू येतं.

वैशाखातली दुपार. जळगावातलं आमचं पोलीस ठाणं नुसतं भाजत होतं. एक वयस्क आबा आणि त्यांचा मुलगा आले. सून सकाळी शिवणक्लासला म्हणून गेली ती परतली नव्हती. मोबाइल घरीच. शिवणक्लासच्या बाईंनी तर तिला कधी पाहिलंच नव्हतं. मुलाने खिशातून घरात सापडलेलं वहीचं फाटकं पान काढलं. इंग्रजीत पाच वाक्यं. मी एकेक वाचत गेलो. 'आय अ‍ॅम फेड अप', म्हणजे या घराला मी कंटाळले. 'इनफ इज इनफ', आता पुरे झालं. शेवटी कायमचा निरोप.

तेवढ्यात नशिराबादहून तिचा भाऊ धडकला. "साहेब, बापलेकांना आत टाका!" म्हणत त्याने मेहुण्याची गचांडीच धरली. सुनेच्या जिवाचं बरंवाईट झालं असतं, तर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा या दोघांवर अटळ होता. मिसिंगची तक्रार नोंदवली, माणसं विहिरींकडे पिटाळली, नवऱ्याला उलटसुलट विचारलं. तो रडण्यापलीकडे काही सांगेना.

पान पुन्हा वाचलं. चौथं वाक्य, 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. मुसळधार पाऊस पडतोय! अहो, बाहेर डांबर वितळत होतं. मरायला निघालेलं माणूस असलं कशाला लिहील?

"घरी अजून कोण आहे?"

"म्हातारी आहे. तिला काय कळतं!" आबा म्हणाले.

हे ऐकलं आणि जीप काढली. सासूबाई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बसल्या होत्या. पुरुषांना बाहेर थांबवलं आणि पान अर्थासकट वाचून दाखवलं. चिठ्ठी सापडल्याचं त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"माय वं! साहेब, ती चिठ्ठी नही, तिना अभ्यास शे!"

मग सगळं बाहेर आलं. सुनेचं शिकणं आबांना खपत नव्हतं, म्हणून सासूच तिला शिवणाच्या नावाखाली इंग्रजीच्या क्लासला पाठवत होती. मास्तर रोज पाच वाक्प्रचार देत. ते घोकायचे नाहीत, वाक्यात वापरून आणायचे. आज क्लासच्या सगळ्या जणी मास्तरांबरोबर मुक्ताईनगरला दर्शनाला गेल्या होत्या. आबांच्या धाकाने सासूबाई गप्प होत्या. त्यांनी डब्याखालून मास्तरांचा नंबर काढून दिला.

"इथंच आहे की, प्रसाद घेतेय," मास्तर फोनवर म्हणाले. विहिरींकडे पिटाळलेली माणसं मी परत बोलावली.

संध्याकाळी सून आली, तर दारात पोलीस. भाऊ तिला धरून हमसून हमसून रडला.

"काय गं, कंटाळल्याचं वाक्य अभ्यासातलं की मनातलं?" मी दटावलं.

"मास्तर म्हणतात, वाक्य आपल्या घरातलं घ्या," ती मान खाली घालून म्हणाली.

आबांनी माझ्या हातातलं पान घेऊन तिला परत दिलं. मग म्हणाले, "उद्यापासून इंग्रजीच्या क्लासला जाते असं सांगून जात जा, बेटा."

घरातलं खरं ओट्यापाशी ठाऊक असतं, पण तिथे कुणी विचारत नाही. पुढे प्रत्येक मिसिंगमध्ये मी पहिला प्रश्न तिथेच विचारला. त्या रात्री ठाण्यात परतून डायरीत लिहिलं, 'महिला सुखरूप मिळून आली.' सबंध नोकरीत याच्याइतकं गोड वाक्य मी लिहिलेलं नाही.