माल एकाकडे, चावी दुसऱ्याकडे

मे महिन्यातला दुसरा रविवार. सोसायटीची वार्षिक सहल. हजर: ए विंगमधली पाच कुटुंबं, बी विंगमधली तीन, तिसऱ्या मजल्यावरची रुबिना आणि तिची दोन मुलं, वहिनी आणि मी. गैरहजर: दादा.

हजेरी मी घेते. सहलीची यादीही मीच करते. या यादीत एक रकाना असा होता की तो मला कधी भरावाच लागला नाही. ‘सामानाजवळ कोण?’ हे विचारायच्या आत बसच्या मागच्या बाकावरून आवाज यायचा, “तुमी जावा. मी हाय.”

असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असणार. सगळ्यांच्या बॅगा राखतो, कुठेच आत जात नाही आणि संध्याकाळी असा उसासा टाकतो की मजा केल्याची आपल्यालाच लाज वाटावी. फरक एवढाच, की आमचा माणूस या धंद्यातला होता.

दादा मूळचे वडपे गावचे. त्यांच्या जमिनीत पूर्वी भात पिकायचा. पुढे तिथे गोदामं उभी राहिली आणि शाम्पू, कुलर, चपला असं बारमाही पीक येऊ लागलं. नातवंडांच्या शाळेसाठी दादा कोन गावाजवळच्या आमच्या सोसायटीत राहायला आले, पण रोज संध्याकाळी गाडी काढून वडप्याला जायचे आणि शटर खाली आहेत ना, एवढं बघून परत यायचे. याला ते ड्युटी म्हणत.

लोकांचा माल सांभाळून ज्याचं घर चालतं, त्याचा सामान ठेवण्याच्या जागांवर किती विश्वास असावा? काडीचाही नव्हता. “ठेवलेल्या मालाचं काय होतं ते मला इचारा,” ते म्हणत. त्यांच्या प्रत्येक शटरला दोन बाजूंना दोन कुलपं असत, एक भाडेकऱ्याचं आणि एक दादांचं. “माल एकाकडं, चावी दुसऱ्याकडं. मंग दोगं बी सरल ऱ्हातात.”

सहल ज्या वॉटर पार्कला जाते, तो आमच्यापासून फार लांब नाही. दर वर्षी फाटकाबाहेरच्या झाडाखाली दादा गोदाम उघडत. जड बॅगा खाली, हलक्या वर, मधून चालायला वाट आणि सगळी थप्पी कुंपणाच्या भिंतीपासून हातभर लांब. “भिंतीला टेकवला की माल ओल पकडतो.” भर मे महिन्यात, उघड्या आकाशाखाली!

बॅग आत जाणं सोपं होतं, बाहेर काढणं कर्मकठीण. रुबिना एकदा मुलाचा टॉवेल न्यायला आली.

“कोन?”

“दादा, मी रुबिना. तुमच्या वरती राहते.”

“टावेलचा रंग?”

“अरे, माझीच बॅग आहे ना!”

“सगलेच तसं बोलतात.”

“निजामपुऱ्यात आमचे लूम आहेत, दादा. घरात कपड्याचे ठाण पडलेत. मी तुमचा टॉवेल चोरणार?”

“चोरनार न्हायस. पर रंग बोल.”

तिने रंग सांगितला. तो चुकला. टॉवेल मिळाला नाही. मूल वाळत उभं राहिलं.

शिवाय तपासणी. कोणाच्या बॅगेची चेन उघडी आहे, कोणाच्या डब्यातून लोणच्याचं तेल गळतंय, कोणी सहलीला इस्त्रीचे कपडे आणलेत, हे सगळं आम्ही परत येईपर्यंत त्यांना ठाऊक झालेलं असे आणि बसमध्ये ते मोठ्याने सांगितलं जाई. माझ्या डब्यातल्या पुरणपोळ्या एका वर्षी कमी भरल्या. “माल खराब व्हतो का बगितला,” दादा म्हणाले. बराच वेळ बघितला असावा.

पार्कनंतर आमचा ठरलेला क्रम म्हणजे वज्रेश्वरीचं दर्शन आणि गरम पाण्याची कुंडं. तिथेही तेच. देवीला ते खालूनच हात जोडायचे आणि वर जाणाऱ्याला सांगायचे, “माझ्या नावाचा एक नारल फोर.” परिसरातल्या एकूण एक प्रेक्षणीय स्थळाचं पार्किंग त्यांना पाठ होतं. स्थळ एकही पाहिलेलं नव्हतं.

यात हसण्यासारखं वाटत नव्हतं फक्त वहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला. त्या खाडीकाठच्या गावातल्या, लहानपणी भावांबरोबर पाण्यात उतरून कोलंबी धरलेल्या. पार्कात मात्र त्या पायऱ्यांवर बसून पाय भिजवत आणि मध्येच उठून दादांना चहा द्यायला बाहेर जात.

“दर साली त्यांचा टावेल न् अर्धी चड्डी भरते मी,” एकदा त्या मला बसमध्ये म्हणाल्या. “दर साली कोरडीच घरी येते. ताई, मला दुसरं काय नको. एकदा त्यांचा हात धरून पान्यात उभी ऱ्हायचीय. लग्न झाल्यापून सांगते. तवा भात राखायचे, आता बॅगा राखतात.”

म्हणून गेल्या वर्षी मी यादीत वरच लिहिलं: दादांना पाण्यात उतरवणे.

पार्कने तेव्हा फाटकापाशी सामान ठेवण्याची खोली सुरू केली होती. आत फळ्या, प्रत्येक बॅगेला बिल्ला, पुढे शटर आणि टेबलावर एक चुणचुणीत मुलगी. सगळ्यांचे बिल्ले मी आधीच घेऊन टाकले. वहिनींनी भरलेली चड्डी दादांनी बाहेर काढून घेतली, आपल्या काळ्या रेक्झिनच्या बॅगेला छोटं कुलूप घातलं, ती फळीवर ठेवली आणि खोलीची पाहणी सुरू केली.

“शटरला एकच कुलूप? माल बी तुमच्याकडं, चावी बी तुमच्याकडं?”

“काका, कॅमेरा आहे ना.”

“कॅमेरा चोराला बगतो. धरतो का?”

वहिनी पाण्याकडे निघाल्या. त्यांची पाठ बघून मला वाटलं, याही वर्षी काम राहिलं.

पण दुपारी चमत्कार झाला. अर्ध्या चड्डीतले दादा स्वतःहून लाटांच्या तलावाकडे आले, भरल्या पोटाच्या माणसासारखे निवांत. वहिनींनी हात पुढे केला. दादांनी तो मनगटाशी पकडला, कोणी पळवून नेईल असा. भोंगा झाला, लाटा सुटल्या. पहिल्या लाटेला दादा ओरडले, दुसरीला हसले आणि तिसरीनंतर पाणी थांबलं तर पोरांच्या बरोबरीने “अजून! अजून!” करू लागले. रुबिना म्हणाली, “हे घ्या, गोदाम वाहून गेलं!” वहिनी फक्त उभ्या होत्या, पाण्यात, हात धरून.

पार्क बंद व्हायची वेळ झाली. आम्ही ओलेचिंब सामानाच्या खोलीशी आलो, तर तिथे जत्रा. आमच्या बॅगांबरोबर आणखी कितीतरी कुटुंबांचं सामान आत होतं आणि शटर उघडत नव्हतं. मुलीने आपलं कुलूप काढलं होतं. शटरच्या दुसऱ्या बाजूला एक भलंमोठं पितळी कुलूप लटकत होतं. मुलगी रडकुंडीला आली होती. जेवायला जाताना तिने शटर ओढलं, तेव्हा ते तिथे नव्हतं.

“किसका ताला है ये?” एक नवरदेव ओरडत होता. त्याला कल्याणहून गाडी पकडायची होती आणि नवरी मेंदीच्या हातांनी ओली ओढणी पिळत होती.

“कोन येडा हाय हा?” गर्दीतून सगळ्यात मोठा आवाज आला. आवाज दादांचा होता.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कुलपाकडे. मग दादांच्या कमरेकडे.

“ओ, तुमच्या करगोट्याच्या चाव्या कुठं हायत?”

दादांनी कमर चाचपली. करगोटा होता. चाव्या लाटांच्या तलावात होत्या.

पुढचं वर्णन मी करत नाही. नवरदेव काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. वडप्याहून दादांचा माणूस कटर घेऊन आला, ठिणग्या उडाल्या, शटर वर गेलं. आत सगळ्या बॅगा जागच्या जागी होत्या. दादा गर्दीकडे वळून म्हणाले, “बगा. एक तरी हालली?”

त्यांच्या स्वतःच्या बॅगेची चावीही त्याच जुडग्यात होती. चेन तोडू या म्हटलं तर त्यांना पटेना. “हिची दुसरी चावी घरी हाय.” सुके कपडे मांडीवरच्या बॅगेत आणि दादा वहिनींच्या चादरीत, असे ते घरापर्यंत आले. वज्रेश्वरी त्या दिवशी राहूनच गेली. उतरताना चादर सावरण्याच्या नादात बॅग बसमध्ये राहिली. बस रिकामी झाली की नाही हे बघणारी मीच, म्हणून मला सापडली. जन्मभर दुनियेचं सामान राखलं आणि विसरली ती स्वतःचीच बॅग, यावर सोसायटी दोन महिने जेवली.

मी फोन केला. “दादा, बॅग माझ्याकडे आहे. पाठवू का?”

“नको. ऱ्हाऊ दे.”

“आणि चावी?”

“हिच्याकडं. माल एकाकडं, चावी दुसऱ्याकडं. बरोबर हाय ना?”

“पण न्यायला कधी येताय?”

“येईन गो बाय. माल ठेवला म्हनजे मानूस येतोच. न्हायतर कोन कुनाकडं जातो?”

ज्या माणसाने माझ्या मुलाला त्याच्याच बॅगेतला कंगवा घेऊ दिला नव्हता, तो आपली बॅग माझ्याकडे ठेवून निवांत होता. मी याचा भलताच अभिमान बाळगला. दिवाळीच्या आधी दादा गेले. संध्याकाळी वडप्याहून परतले, शटर खाली आहेत म्हणाले आणि आडवे झाले.

परवाच्या रविवारी यादीतलं पहिलंच काम होतं: दादांची बॅग वहिनींना देणे. घरी जाऊन द्यायला धीर होत नव्हता, म्हणून बसमध्ये आणली. वहिनींनी तिच्यावरून हात फिरवला, तिच्या कुलपाला टिचकी मारली आणि परत माझ्या मांडीवर सरकवली.

“आत टावेल हाय,” त्या म्हणाल्या. “कोरडा.”

“चावी आणलीत का?”

त्यांनी कमरेला खोचलेली चावी दाखवली आणि पुन्हा खोचली. “ऱ्हाऊ दे तुमच्याकडं, ताई. मी येते न्यायला.”

मग पार्कात त्या थेट लाटांच्या तलावात गेल्या. भोंगा झाला तेव्हा रुबिनाने त्यांचा हात धरला होता. फाटकाबाहेरच्या झाडाखाली बॅगेजवळ मी बसले होते. सामानाच्या खोलीत ती ठेवायला मन होईना. तिथे आता शटरला दोन कुलपं आहेत.

बॅग माझ्या माळ्यावर आहे, भिंतीपासून हातभर लांब. पहिल्या कामापुढे अजून खूण नाही.