साडूंनी सोडलेलं काम

माझ्या थोरल्या साडूंइतका न्यायी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि जेवणाच्या पंक्तीत इतका छळणाराही नाही. त्यांना एक काम अर्ध्यावर सोडावं लागलं ते माझ्यामुळे, हे मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. साडूंना ते सांगावं लागलंच नाही.

साडू न्यायाधीश. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय ते काहीही ठरवत नसत, आमटी खारट झाली आहे हेसुद्धा. "आधी हिचं म्हणणं ऐकू," म्हणून ताईंकडे बघत बसायचे. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, करवादायच्या, "म्हणणं कसलं? गपगुमान जेवा!" ऐरोलीच्या त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरून दोघे हातघाईवर आले तेव्हा साडूंनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि एकेकाचं इतकं सविस्तर ऐकून घेतलं, की कंटाळून दोघे एकाच स्कूटरवरून चहा प्यायला निघून गेले. वकिली करत होते तेव्हा आमच्या वकील संघटनेचे अध्यक्ष होते. बाररूमला एसी बसवायचा ठराव आला तर म्हणाले, "बाहेर पक्षकार उन्हात उभे आहेत. आधी त्यांना बाकं आणि पंखे, मग आपला घाम पुसू." वकील रुसले, आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा त्यांनाच निवडून दिलं. न्यायाधीश झाल्यावर वकिलाच्या घरचा चहाही बंद! मी वकील, म्हणून आमच्याकडे येताना स्वतःचा थर्मास आणायचे. बायको रडकुंडीला यायची.

बदल्यांवर फिरत ते आमच्या भागात आले, तेव्हा जासईच्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घराच्या जागेचं अपील त्यांच्यापुढे होतं. युक्तिवाद संपले होते, निकाल तेवढा राहिला होता. समोरचा करंजाड्याचा बिल्डर माझा दोस्त. एका रविवारी साडूंकडे जेवताना भाकरी मोडत मी सहज म्हणालो, "ते जासईचं... बिल्डर तसा सज्जन आहे हो."

साडूंचा घास हातातच राहिला. "जेव तू," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सोमवारी त्यांनी भर कोर्टात सांगितलं, की या प्रकरणाबद्दल एक नातेवाईक माझ्याशी बोलला आहे, आता याचा निकाल मी देणं योग्य नाही. नाव घेतलं नाही. काम दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेलं. पुन्हा युक्तिवाद, मग त्या न्यायाधीशांची बदली, पुन्हा पहिल्यापासून. "कसला नातेवाईक? साहेब बिल्डरला टरकले," असं बाररूममध्ये बोललं गेलं. ते साडूंच्या कानावरही गेलं. मी तर तिथेच चहा पीत बसलो होतो.

त्या जासईच्या आजींनी एकदा मला कोर्टाच्या जिन्यात गाठलं. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं, काळा कोट दिसला एवढंच. "वकीलदादा, साहेबानी आमचा काम का सोरला? आमचा काय चुकला का?"

"पद्धत असते, आजी," मी म्हणालो.

निकाल शेवटी त्यांच्याच बाजूने लागला. पण तोवर आजोबा गेले होते.

साडूंची मी माफी मागितली, तर म्हणाले, "माझी कशाला? तिकडे जासईला सांग." मग दर दिवाळीला फराळाआधी त्यांचा एकच प्रश्न, "जाऊन आलास?" मी मान खाली घालून चकली उचलायचो. ते निवृत्त झाले, थर्मास सुटला, आमच्याकडे मागून चहा घेऊ लागले, पण प्रश्न काही सुटला नाही.

या दिवाळीत त्यांनी विचारलं नाही. ताट पुढे सरकवलं, "घे" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. चकली हातातच राहिली.

आजी अजून आहेत, मी चौकशी केली. येत्या रविवारी जासईला जाणार आहे, काळा कोट न घालता. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, चुकलो मी होतो. एवढं उत्तर मी त्यांना देणं लागतो.