उतरताना पडणारा हिरो

"लहान लेकरावानी झालेत हो गुरुजी. दिवसभर कार्टून बघायलेत," शेजारच्या काकू दाराबाहेर चपला काढता काढता सोबतच्या पाहुण्यांना सांगत होत्या.

आवाज त्यांनी हळू ठेवला होता, पण आमच्या पुढच्या खोलीचं दार आणि पप्पांची कॉट यांत चार पावलांचंच अंतर आहे. पप्पांना ते ऐकू गेलं. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कान मात्र शाबूत आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉटशेजारी स्टुलावर रिमोट धरून बसले होते. मी टीव्हीकडे पाहत राहिले.

शुक्रवारची दुपार होती. ज्या मालिकेची आम्ही दोघं महिनाभर वाट पाहिली, तिचा पहिला भाग सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

मी तिसरी-चौथीत असताना रोज संध्याकाळी एक कार्टून लागायचं. त्यातला हिरो उडायचा झकास, पण त्याला नीट उतरता यायचं नाही. शहर वाचवून झालं की कधी कारंज्यात आपटायचा, कधी केकच्या दुकानात, कधी वाळत घातलेल्या चादरींत. पप्पा तेव्हा वालूरच्या शाळेवर होते. संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज सेलूच्या आमच्या गल्लीत वळला की मी टीव्ही बंद करून वही उघडायचे. पप्पा आत आले की बूट काढण्याआधी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचे. गरम असला तर म्हणायचे, "आम्ही पत्र्याच्या शाळेत शिकलो. तुला इंग्लिश मीडियमला घातलं ते हे बघायला का?" मी काहीच बोलायचे नाही. वर्गातही नाही बोलायचे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी एकच शेरा असायचा, मुलगी हुशार आहे पण बोलत नाही.

मोठी झाल्यावर त्या हिरोचे चाहते मला मोबाइलवर सापडले. कुठकुठल्या देशांतले. तिथं माझा चेहरा कुणी पाहिलेला नाही, नावही खोटं घेतलेलं. त्यामुळे तिथं मी बोलते. घरी पाहुणे आले की चहाच्या निमित्तानं आत जाणारी मी, तिथं लांबलचक इंग्रजीत भांडते. त्या हिरोची नवी मालिका येणार आणि ती हलकीफुलकी असणार अशी बातमी आली, तेव्हा ग्रुपवर सगळे चिडले. सगळ्यांत जास्त बहुतेक मीच. आम्ही आता मोठे झालो आहोत, आमचा हिरोही मोठा करा, असं लिहिलं. शेवटचं वाक्य होतं, दर वेळी आपटणाऱ्या माणसाला हसण्यात कसला आलाय विनोद. लोकांना ते इतकं आवडलं की कुणीतरी त्या वाक्याचं चित्र बनवलं. ते सगळीकडे फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणणं एवढ्या लोकांनी ऐकलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पप्पा न्हाणीत पडले.

परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. बरोबर. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासताना म्हटलेला शब्द. तहान लागली तरी बरोबर, पाठ दुखली तरी बरोबर, राग आला तरी तेच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हळूहळू सुधारेल. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, त्यांना बोलतं ठेवा, हसतं ठेवा. बोलतं ठेवायला घरात मी होते. मी त्यांच्याशी काय बोलू ते मला पूर्वीही सुचत नव्हतं. मम्मी त्यांना भरवताना गावातल्या सगळ्या गोष्टी सांगायची. मी फक्त उशी सरळ करायचे, औषधं द्यायचे आणि मोबाइल घेऊन शेजारी बसायचे.

तशीच बसले असताना नव्या मालिकेची झलक आली. मी आवाज बारीक करून बघत होते. हिरो ढगातून खाली आला, कपड्यांच्या दोरीत अडकला आणि कुणाचा तरी फुलाफुलांचा गाऊन डोक्यात घेऊन उभा राहिला. शेजारून विचित्र आवाज आला. मला वाटलं पप्पांना ठसका लागला. मी पाणी घेऊन वाकले, तर ते हसत होते. तोंडाची डावी बाजू वर गेलेली, उजवी तशीच, आणि डोळ्यांतून पाणी. मम्मी पिठाच्या हातानं धावत आली. थोडा वेळ दारात उभी राहिली आणि परत आत गेली. भाकरी करपल्याचा वास आला तरी तिनं तवा उतरवला नव्हता.

पुढे मी त्यांना कितीतरी विनोदी कार्यक्रम लावून दाखवले. ते डोळे मिटून घ्यायचे. हसायचे ते तेवढ्या एका पडण्याला. मालिकेच्या तारखेभोवती मी कॅलेंडरवर गोल काढला, तर दुसऱ्या दिवसापासून ते डाव्या हातात पेन मागून घ्यायला लागले. गेलेल्या दिवसावर वाकडीतिकडी फुली मारायचे. त्या मुलीनं सांगितलेले व्यायाम ते टाळायचे, पण ही फुली कधी चुकली नाही.

मालिकेला आठवडा उरला असताना ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, बनवणाऱ्यांनी चाहत्यांचं ऐकलंय, पडण्याचे सगळे प्रसंग काढून टाकलेत. खरं की खोटं कुणालाच माहीत नव्हतं. पण खाली माझ्याच वाक्याचं चित्र लावलं होतं, आपण जिंकलो म्हणून. मी लगेच लिहिलं की माझं चुकलं, त्याला पडू द्या. उत्तरं पटापट आली. हिचं खातं कुणी चोरलं का? घरातल्या लहान पोराच्या हाती फोन लागला का? मी जुनं लिखाण पुसून टाकलं. चित्र मात्र फिरतच राहिलं. मग मी टाइप केलं, माझे वडील आजारी आहेत, ते फक्त यालाच हसतात. बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसले आणि ती खोडून टाकली. ज्यांना माझं खरं नाव माहीत नाही त्यांना मी पप्पा कसे सांगणार होते? पप्पांनी मात्र त्या दिवशीही फुली मारली.

आणि आता काकूंच्या मागून पाहुणे आत आले. वालूरच्या शाळेतले एक काका, पप्पांचे जुने सोबती, निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी. हातात शहाळी आणि बिस्किटाचे पुडे. आजाऱ्याला भेटायला आलेल्यांसाठी आमच्याकडे एक खुर्ची कॉटजवळ ओढून ठेवलेली असते. काका तिच्यात बसले, म्हणजे बरोबर पप्पा आणि टीव्हीच्या मध्ये.

"काय गुरुजी, वळखलं का?"

"बरोबर," पप्पा म्हणाले. काकांच्या खांद्यावरून बघायला त्यांनी मान लांबवली.

"वळखलं, वळखलं! अहो, ह्यांना कोन इसरंल? आमच्या घरी येऊन ह्यांनी पोराचा टीव्हीचा रिमोट पिशवीत घालून नेला होता. परीक्षा झाल्यावर दिला."

"आन् तुमीच जास्त रडले रिमोटसाठी," काकांच्या पत्नी म्हणाल्या. शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

"तेच म्हन्तो मी. असा मानूस आन् हे काय बघायलाय आता?" काका माझ्याकडे वळले. "बेटा, तू शिकलेली हायेस. बातम्या लाव, भजन लाव. येणारेजाणारे काय म्हनतील?"

दहा मिनिटांत हिरो एकदाही पडला नव्हता. गंभीर चेहऱ्यानं बोलत होता. हे सगळं माझ्याच वाक्यानं घडल्यासारखं वाटत होतं. काका बोलत असतानाच तो एका उंच इमारतीवरून उडाला आणि खाली यायला लागला.

"बंद कर गं ते. मान्सं आलीत," मम्मी आतून म्हणाली.

मी बंद नाही केलं, पण थांबवलं. हिरो हवेत तसाच राहिला, हात पसरून. खाली बाजार भरलेला, टोपल्या, छत्र्या. त्याचे पाय सरळ आहेत की वाकडे, तेवढ्यावरून काही कळत नव्हतं.

"बरोबर!" पप्पा म्हणाले. मोठ्यानं. पुन्हा, "बरोबर, बरोबर!" आणि डावा हात कॉटच्या लोखंडावर आपटला.

"बगा," काका सगळ्यांना म्हणाले, "गुरुजी सोताच म्हनायलेत, बरोबर. त्यांना बी नको हाय ते."

काकूंनी मान हलवली. मम्मी चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आली. पप्पांचा हात आपटतच होता आणि ते माझ्याकडे बघत होते. टीव्हीच्या पाठीवर हात ठेवताना बघायचे तसं नाही. त्या खोलीत त्यांचं म्हणणं कळणारी मी एकटी होते. तरी ट्रे घ्यावा आणि आत जावं, एवढंच सुचत होतं. मी उठलेही. रिमोट हातातच होता.

"काका," मी म्हणाले, "थोडं बाजूला सरका. तो पडतो का ते पप्पांना बघायचंय. मलाही बघायचंय."