गेटवेची जागा

आमच्या घरात जमीन मोकळी सोडणं म्हणजे पाप. बांधाच्या कडेला वीतभर जागा दिसली, तरी अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथं चार तुरीचे दाणे टोचणार. मी त्यांचीच लेक. मी शेती करत नाही, क्लाउडवर नेटवर्क उभारते. पण हाव तीच.

गेल्या वर्षी आई गेली आणि हिंगोलीकडच्या हट्टा गावाजवळ, आमच्या खेड्यात अण्णा एकटे पडले. पुण्याच्या साहेबांना मी म्हटलं, मला गावाकडून काम करू द्या. ते म्हणाले, "हे एक काम एकटीने पार पाड, मग बघू." जमलं तर अण्णांजवळ राहायचं, नाही तर पुन्हा सामान बांधायचं.

काम होतं एका कंपनीच्या माणसांना आभासी डेस्कटॉप देण्याचं. माणसासमोर जुनापुराणा संगणक असला तरी चालतो. खरा संगणक दूर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये चालत असतो, इथं नुसता त्याचा पडदा दिसतो. त्यासाठी आधी नेटवर्क आखावं लागतं. कंपनीने नेटवर्कवरच्या पत्त्यांचा एक ठरावीक पट्टा दिला होता, त्याचे तुकडे पाडून प्रत्येक डेस्कटॉपला एक पत्ता द्यायचा. पट्टा लहान, माणसं बरीच. मी तो शेवटच्या टोकापर्यंत डेस्कटॉपना वाटून टाकला आणि काही वाया गेलं नाही म्हणून स्वतःवर खूश झाले. दोन दिवसांत सगळे डेस्कटॉप उभे राहिले.

रविवारी दुपारी त्यांना मुख्य कार्यालयाशी जोडायला बसले आणि चूक दिसली. ये-जा ज्यातून होते त्या गेटवेला पट्ट्यात स्वतःचा वेगळा तुकडा लागतो. मला माहीत नव्हतं असं नाही, पण सगळं वाटून टाकायच्या नादात जागाच ठेवली नव्हती. दुसरा पट्टा मिळणार नव्हता, आणि भरलेला तुकडा लहान करता येत नाही. सगळं पाडून पुन्हा उभं करायचं, आणि सोमवारी सकाळी माणसं कामावर येणार. मनात आलं, गावात लाइट नव्हती म्हणून काम राहिलं असं सांगावं. हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाने ते सांगितलं तर कोण खोटं म्हणेल?

तेवढ्यात अण्णा हळदीच्या रानातून घरी आले. "काहून तोंड उतरलं गं बाई?"

मी जमेल तसं समजावलं, लाइटचा बहाणाही सांगितला. ते म्हणाले, "म्हंजे समदं पेरलं, अन् गाडीवाट ठेवलीच न्हाई?"

"व्हय."

ते हसतील असं वाटलं होतं. ते खाली बसले. "मी बी पेरली व्हती. तुझ्या काकाची."

काकांचं शेत आमच्या शेताच्या मागे होतं आणि त्यांची वाट आमच्यातून जायची, हे मला ठाऊक होतं. ते विकून काका परभणीला गेले, हेही. का गेले, ते घरात कुणी कधी बोललं नाही.

"हळदीच्या दोन सऱ्या जास्तीच्या निघत व्हत्या. तो इचारायला आला, तर म्हणलो, नांगरणाऱ्यानं चुकून नांगरली. पुढच्या साली बी तेच. माझं चुकलं म्हणलो असतो तर नुसता भांडला असता. खोटं ऐकून त्यानं बोलणंच सोडलं." मग म्हणाले, "साहेबाला फोन लाव. लाइटचं नको सांगू."

मला त्यांचा भयंकर राग आला. दोन सऱ्यांसाठी काका तुटले होते, माझं अर्धं घर गेलं होतं. त्याच रागात मी फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं. साहेबांनी माझी बिनपाण्याने हजामत केली. मग विचारलं, किती वेळ लागेल? म्हटलं, उद्या दुपारपर्यंत. "कंपनीला मी सांगतो. तू पाडायला घे."

सोमवारी दुपारी सगळं पुन्हा चालू झालं. या वेळी गेटवेची जागा आधी काढली. डेस्कटॉप थोडे कमी बसले, तेवढ्या माणसांना आळीपाळीने डेस्कटॉप द्यायला कंपनी कुरकुरत तयार झाली. साहेबांचा फोन आला: पुढचं काम गावातूनच कर, पण आधी आखणी मला दाखवायची.

अण्णा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "मी आता इथंच राहणार."

"साहेब लई रागावले व्हते का?"

"लई."

"पण बोलले ना तुझ्याशी?"

"बोलले की."

"मग तुझं निभलं," अण्णा म्हणाले.