वास न येणारा केमिस्ट

श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी केमिस्ट आहे. मुलीच्या शाळेसाठी ती आणि तिची आई पुण्यात राहतात. मी कॉलनीतल्या दोन खोल्यांत. तीन वर्षांपूर्वी तापातून उठून ड्युटीवर गेलो, मळीच्या टाकीजवळ उभा राहिलो, तर काहीच वास येईना. एरवी हा वास पार हायवेपर्यंत येतो. सर्दी असेल म्हटलं. सर्दी नव्हती.

कुणाला सांगितलं नाही. मळीत पाणी आणि यीस्ट घातलं की साखरेचं अल्कोहोल होतं, मग ते उकळून वेगळं काढायचं. मोजायला उपकरणं आहेत, नाक कशाला लागतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. बायको फोनवर विचारायची, जेवलात का. हो म्हणायचो. जेवण मातीसारखं लागतं हे फोनवर कसं सांगणार?

एका दुपारी आंबवणीच्या टाकीपाशी मी वहीत ‘ठीक’ लिहिलं. त्या टाक्या सांभाळणारे मामा निवृत्तीला आलेले. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, “साहेब, टाकी आंबट झाली हाय. तुमाला वास येत न्हाई का?”

नमुना लॅबमध्ये तपासला. आम्ल वाढलेलं होतं. जंतू शिरून अल्कोहोलचं व्हिनेगर व्हायला लागलं होतं. त्या टाकीतला माल लगेच उकळायला पाठवला, बाकीच्या टाक्या वाचल्या. मग मामांना खरं सांगितलं. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं. आठ महिने, म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मामा प्रत्येक नमुना आधी स्वतः हुंगायचे. ह्याला पिकल्या केळाचा वास हाय, ह्यो नाकात टोचतोय. केळाचा म्हणजे एस्टर, टोचतो ते जड अल्कोहोल, असं मी त्यांना सांगायचो. दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच.

मामा निवृत्त होऊन गावी गेले, त्या आठवड्यात मी मॅनेजरसाहेबांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. वास घ्यायला त्यांनी दुसरा माणूस नेमला. तो चिठ्ठी ठेवून जातो: बरा. बरा. आंबट.

दिवाळीत मुलगी आली. पातेल्यातलं दूध तिनं हुंगलं आणि सिंकमध्ये ओतलं.

“बाबा, तू हे पीत होतास?”

तेव्हा तिला सांगितलं. ती बराच वेळ पातेलं घासत राहिली.

आता ती रोज संध्याकाळी पुण्याहून फोन करते, आणि मी दुधाच्या पिशवीवरची तारीख तिला वाचून दाखवतो.